ओठांवरचं बोलणं

"इथून पुढे कुणीही बोलायचं नाही," वनरक्षक बाई म्हणाल्या. "कुजबुजसुद्धा नको. काही दिसलं तर मी हात करीन, तिकडे बघायचं. बोलायचं ते परत फाटकाबाहेर आल्यावर."

हे मी त्यांच्या ओठांवरून वाचलं. कानांनी म्हणाल तर मला नुसती गुणगुण ऐकू आली. आमच्याबरोबर दोघी बहिणी होत्या. सकाळपासून त्यांची तोंडं बंद नव्हती, त्यामुळे बाईंचं हे फर्मान ऐकून त्यांचे चेहरे असे पडले की बघवेना. एक कॅमेरेवाला होता, हातभर लांब नळकांडं छातीशी धरून उभा. आणि आम्ही दोघं.

बाई ह्यांच्याजवळ आल्या. "काका, कळलं ना? अजिबात आवाज नको हं."

ह्यांनी गळ्यावरचा रुमाल सारखा केला आणि मान हलवली.

"त्यांची काळजी नका करू," मी म्हटलं. "त्यांना चांगला सराव आहे."

मला असं बोलायचं नव्हतं, पण जीभ कुठली ऐकते! बाईंनी रुमालाकडे बघितलं, त्यांना काय ते कळलं आणि त्या घाईघाईने कुंपणाकडे वळल्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं त्याला वर्ष होत आलं. गाठ निघाली, जीव वाचला आणि आवाज गेला. स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. आता श्वास घ्यायला गळ्याला एक भोक आहे, त्यावर हे रुमाल बांधतात. डॉक्टरांनी एक यंत्र दिलं होतं. गळ्याला टेकवलं की त्यातून घर्र घर्र शब्द येतात. ह्यांनी ते एकदाच लावलं आणि असे दचकले, की ते जे कपाटात गेलं ते गेलंच. लेकीनं लिहायला पाटी आणून दिली, ती नातीच्या चित्रांना लागली. तेव्हापासून हे घरात तोंडात मूग गिळून बसलेत. चहा हवा असला की कप पुढे सरकवतात, नको असला की मागे. झाला आमचा संवाद.

आणि हा माणूस कोण? तर कापडगिरणीत ज्याला सगळे 'भोंगा' म्हणायचे तो. गिरणीचा भोंगा निदान पाळी बदलताना तेवढा वाजायचा.

आम्ही दोघं विणाई खात्यात होतो, समोरासमोरच्या मागांवर. ज्यानं विणाई खातं बघितलं नाही त्याला काय सांगू! शेकडो माग एकदम चालायचे, धोटे इकडून तिकडे आपटायचे, डोक्यावर पट्टे फिरायचे. शेजारच्याच्या कानात बोंबललं तरी फुकट. म्हणून आम्ही सगळे ओठांनी बोलायचो. आवाज काढायचाच नाही, पण शब्द असा तोंड भरून करायचा की पार त्या टोकाच्या मागावरच्यालाही वाचता यावा. चहाड्या तशाच, भांडणं तशीच. ह्यांनी मला लग्नाचं विचारलं तेही तसंच. अख्ख्या रांगेनं ते वाचलं, आणि मी काही म्हणायच्या आत शेवटच्या मागावरची बाई म्हणाली, "अगं, हो म्हण की!" पुढे घरी सासूबाईंसमोर 'अहो' सुरू झालं, पण खात्यात ओठांवर 'तू'च राहिलं. तिथे मी ह्यांना काय काय बोलून घेतलंय ते सासूबाईंना कळलं असतं तर माझी धडगत नव्हती.

त्या खात्यानं आमचे कान मात्र खाल्ले. दोघांचेही. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. रस्त्यावरून ट्रक गेलेला कळतो, दारावरची बेल कळत नाही.

म्हणजे बघा, आवाज गेला म्हणून बाकीच्यांचं अडेल. आमचं का अडावं? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मी तेच म्हटलं होतं, "गेला तर गेला मेला आवाज! ओठ आहेत ना? मी वाचीन." ह्यांनी माझा हात किती तरी वेळ धरून ठेवला होता. पण घरी आल्यावर चार-दोन दिवसांतच ओठ जे मिटले ते मिटले. मी समोर जाऊन बसायचे, "बोला ना, मी वाचते," म्हणायचे, की हे मान फिरवायचे. आधी वाटलं, दुखत असेल. मग वाटलं, राग असेल. शेवटी वाटायला लागलं की माझ्याशी बोलावं असं ह्यांच्याकडे काही उरलंच नाही. ते मला सहन होत नव्हतं. मला एक शब्द हवा होता, दुसरं काही नको. शिवी असली तरी चालली असती.

ही सहल लेकीनं ठरवली. "आई, दिवसभर दोघं एकमेकांची तोंडं बघत बसता. जरा झाडं बघून या," म्हणाली. तोंडावर वाचण्यासारखं काही असतं तर मी घरातून हलले असते का? पण जावयानं पैसेही भरून टाकले होते, नाही कुठल्या तोंडानं म्हणणार! निघालो.

फाटकातून आत शिरलो आणि उजेडच बदलला. बाहेर चांगलं ऊन होतं. आत ते वरच्या वर अडकून राहिलं होतं, खाली नुसता हिरवा अंधूक उजेड. समोर एक झाड होतं. त्याची मुळंच माझ्या खांद्याला लागत होती, भिंतीसारखी उभी. मी मान वर करत गेले, करत गेले, शेवटी तोल जायची वेळ आली तरी झाड काही संपेना. आणि त्याचं लाकूड कुठे दिसतच नव्हतं. बुंध्यावर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांच्या आत बारकी पांढरी फुलं, फुलांवर मुंग्या. एकेका झाडावर किती बिऱ्हाडं होती देव जाणे. मी हळूच हात लावला, तर मनगटापर्यंत हात शेवाळात गेला. आत थंडगार पाणी होतं.

मला वाटायचं, जंगल म्हणजे पुष्कळ झाडं. तसं नव्हतं ते. ते सगळं मिळून एकच काहीतरी होतं, फार म्हातारं, आणि ते आम्हाला येऊ देत होतं. छातीत भरून आलं, आणि ते सांगायचं कुणाला म्हणून डोळेही भरले.

मग ढग आला. वरून नाही, बाजूच्या दरीतून, माणूस यावा तसा वाटेवर आला आणि आमच्या अंगावरून पुढे गेला. पुढची बहीण दिसेनाशी झाली, मग मागची. ढग गेल्यावर सगळीकडून थेंब गळायला लागले, पानांवरून, वेलींवरून, कॅमेरेवाल्याच्या टोपीवरून. ह्यांनी तोंड वर केलं आणि डोळे मिटले. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा ओली ठेवायचे, तशीच ही हवा ओली होती, फक्त त्यात कापसाचा भुगा नव्हता. सकाळपासून ह्यांना खोकला येत होता. तो थांबल्याचं माझ्या तेव्हा लक्षात आलं.

बाईंनी हात केला. वाटेच्या कडेच्या फांदीवर एक साप होता, पानाच्याच रंगाचा. मी हात लांबवला असता तर त्याला लागला असता. इतका सुंदर आणि इतका गप्प. दोघी बहिणींनी एकमेकींच्या तोंडावर हात दाबले, हसू येण्यासारखाच प्रकार होता. पण मला भीतीही वाटली नाही. आपण त्याच्या घरातून चाललोय आणि तो आपल्याला जाऊ देतोय, एवढंच वाटलं.

पुढे उंचावर फांद्या हलायला लागल्या. काळी कुळकुळीत वानरं, एकामागून एक, या झाडावरून त्या झाडावर. मधे केवढी दरी! एका मादीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं. तिनं क्षणभर खाली आमच्याकडे बघितलं आणि झेप घेतली. माझ्या तोंडून आवाज निघणार होता, तो मी गिळला. ती पलीकडे पोचली, पिल्लू पोटाशी तसंच.

जरा वेळानं बाईंनी कानामागे हात धरला, ऐका म्हणून. बहिणींनी डोळे मिटले. कॅमेरेवाल्याचाही चेहरा मऊ झाला. कुठला तरी पक्षी गात असणार. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. वर्षभरात आमची तेवढीच काय ती गप्पांची बैठक.

ज्या झाडासाठी आम्ही आलो होतो ते सगळ्यात शेवटी होतं. बाईंनी फाटकावरच त्याबद्दल सांगून ठेवलं होतं. धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि दार लिंपून घेते. फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. अंडी, पिल्लं, सगळं आत. तोवर नर तिला खाणं आणून देतो. "आपल्या आवाजानं तो बुजला तर खाणं न देताच परत जातो. मग ती आणि पिल्लं उपाशी," बाई म्हणाल्या होत्या. त्यावर धाकटी बहीण म्हणाली, "म्हणजे तिची चंगळच की! आयतं बसून खायचं." थोरली म्हणाली, "कोंडून घेऊन? तूच बस." तोवर बोलायला परवानगी होती.

आम्ही नेच्यांच्या आड ओल्या ओंडक्यावर बसलो. समोरच्या झाडाला उंचावर ती फट दिसत होती, बोटभर काळी रेघ. वाट बघता बघता पाय बधिर झाले. कॅमेरेवाला तर दगडच झाला होता.

आणि डोक्यावरचा पट्टा सुटला.

सप्प सप्प करत, हवा फाडत तो आवाज आला, आणि माझ्या ह्या फुटक्या कानांना तो स्वच्छ ऐकू आला. खात्यात मागाचा पट्टा चाकावरून निसटला की असाच आवाज यायचा. चामड्याचा जाड पट्टा, चाबकासारखा फिरायचा. कुणाचा डोळा गेलाय त्यानं, कुणाचा दात. ज्याला आधी कळेल त्यानं बाकीच्यांना सावध करायचं आणि सगळ्यांनी खाली वाकायचं. मी दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसले आणि सवयीनं ह्यांच्याकडे बघितलं.

हेही डोकं धरून खाली बसले होते. तोंड सताड उघडं होतं, आणि ओठांवर शब्द, अगदी त्या टोकापर्यंत वाचता येईल असा.

"पट्टा! वाक! वाक खाली!"

मी वाचलं ते. वाकलेच होते, तशीच राहिले. बाकी चौघं उभे राहून आभाळाकडे बघत होते, आणि आम्ही दोघं म्हातारे डोकं धरून चिखलात. ह्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग ह्यांचे खांदे गदगदा हलायला लागले.

"अगं, पक्षी आहे," हे ओठांनी म्हणाले. "पंखांचा आवाज आहे तो."

मला हलता येईना. मला वाटलं, मी हलले तर हे पुन्हा गप्प होतील.

"माझ्याकडे काय बघतेस?" हे म्हणाले. "माझं थोबाड काय, घरीही आहे. तिकडे बघ, तिकडे!"

मी बघितलं. आयुष्यात इतकं मोठं काही उडताना मी बघितलं नव्हतं. काळे पंख, त्यांवर पांढरे पट्टे, पिवळी धमक चोच, आणि चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखा टोप. तो ढोलीपाशी बुंध्याला धरून बसला. फटीतून आतल्या चोचीचं टोक बाहेर आलं. त्यानं मान ताणली, गळा हलवला, आणि चोचीच्या टोकात एक लालभडक फळ आलं. ते त्यानं फटीत ठेवलं. एवढी अवजड चोच, पण बाळाला औषध पाजावं तसं हळू. मग दुसरं. मग तिसरं. मला ते बघवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.

आणि इकडे ह्यांचे ओठ थांबत नव्हते. डोळे दोनच, बघायच्या गोष्टीही दोन. पण खात्यात तेच तर केलं जन्मभर, एक डोळा सुतावर आणि एक ओठांवर. "गळ्यात भरून आणलंय सगळं," हे म्हणत होते. "बघ, अजून आहे. अजून निघालं बघ. केवढं आणलंय!"

मला राहवलं नाही. "एवढे दिवस का नाही बोललात हो?" मी म्हणाले. मोठ्यानं.

बाई गर्रकन वळल्या. त्यांचं बोट ओठांवर, डोळे असे की मी जमिनीत गेले. वर पक्ष्यानं मान वाकडी केली. आमच्याकडे बघितलं. फटीतली चोच आत गेली. कुणी हललं नाही. माझ्यापायी ती आत उपाशी राहिली असती तर मी स्वतःला माफ केलं नसतं. मग त्यानं पुन्हा मान ताणली. गळा हलला. फळ आलं. चोच फटीतून परत बाहेर निघाली.

मग मी ओठांनी विचारलं. ओठांवर 'तू'च आलं. "का नाही बोललास?"

ह्यांनी रुमाल गळ्याशी दाबून धरला. "आवाज होतो," म्हणाले.

"कसला आवाज?"

"बोलायला गेलं की इथून हवा निघते. फुस्स होतं." ह्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. "मला ऐकू येत नाही, पण कळतं. रुमाल हलतो. नात हसली ना एकदा. मग घरभर फुस्स फुस्स करत फिरली. तिचं काय, लहान आहे ती. पण मला लाज वाटली. घरात किती शांत असतं सगळं. खात्यात बरं होतं, सगळेच मुके."

"आणि माझ्याशी? आपण दोघंच असताना?"

"तुझ्यासमोर तर जास्तच लाज वाटायची."

"अरे माणसा," मी म्हटलं, "मला दारावरची बेल ऐकू येत नाही! तुझं फुस्स कुठून ऐकू येणार?"

हे माझ्याकडे बघायला लागले. बघत राहिले. सगळ्या गिरणीला शहाणपण शिकवणारा हा माणूस, आपली बायको आपल्याइतकीच बहिरी आहे हे विसरून वर्षभर गप्प बसला होता. ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मी एकदा हसले आणि मग रडायलाच लागले, नियमाप्रमाणे, बिनआवाजाचं. थोरल्या बहिणीनं माझ्या हातात तिचा रुमाल दिला. तिला वाटलं, मी पक्ष्यामुळे रडतेय. तेही काही खोटं नव्हतं.

नर उडाला तेव्हा पुन्हा तसाच आवाज झाला. या वेळी आम्ही दोघांनीही उभं राहून, माना मोडेपर्यंत वर करून त्याला बघितलं. तो दरीवर गेला, ढगात शिरला, आणि दिसेनासा झाल्यावरही पंखांचा आवाज येत राहिला.

परतीच्या वाटेवर हे माझ्यापुढे चालत होते आणि दर चार पावलांनी मागे वळून बोलत होते. एकदा झाडाच्या मुळाला अडखळले, बाईंनी दंडाला धरून सरळ केलं आणि पुढे ढकललं. तरी गप्प नाही. त्या एवढ्या मोठ्या जंगलात सगळी माणसं मुकाट चालली होती आणि आमचं बोलणं जोरात चाललं होतं.

फाटकाबाहेर पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. गाडीत बसल्याबरोबर दोघी बहिणींचं धरण फुटलं. आमचं त्याआधीच फुटलं होतं. हे खिडकीशी आडवे बसून, माझ्याकडे तोंड करून वर्षभराचं सांगत होते. चहात साखर जास्त पडते. जावई गाडी भरधाव चालवतो. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, रोज मुलाची वाट बघायचा. मुलगा आला त्याच दिवशी सकाळी तो गेला. हे मला काहीच माहीत नव्हतं. मी रोज तिथे जात होते, तरी माहीत नव्हतं.

रस्ता उताराला लागला. दोन्ही बाजूंनी झाडं अगदी गाडीला भिडलेली, वरून फांद्या. उजेड झपाट्यानं कमी होत होता. मी पुढे सरकले, मग आणखी पुढे.

"ऑपरेशननंतर शुद्ध आली ना," हे सांगत होते, "तेव्हा मी विसरलोच होतो. तू दारात उभी होतीस, पाठमोरी, नर्सशी बोलत. मी तुला हाक मारली. आणि..."

पुढचं मला दिसलं नाही. ओठ हलत होते, एवढंच कळत होतं. तोंडाच्या जागी नुसती काळोखी. मी हात वर केला, थांब म्हणून, पण ह्यांना माझा हातही दिसला नसावा.

"ड्रायव्हरदादा," मी ओरडले. "जरा आतला दिवा लावता का?"

"मावशी, आत दिवा लावला की मला समोरचं नीट दिसत नाही," ड्रायव्हर मागे न बघता, मला ऐकू येईल अशा जाड आवाजात म्हणाला. "काही पडलंय का?"

"पडलं नाही काही," मी म्हटलं. "आमचं बोलणं चाललंय."

त्यानं वरच्या आरशात बघितलं. मागे दोन म्हातारी माणसं, एकमेकांकडे तोंडं करून गप्प बसलेली. दोघी बहिणी बोलायच्या थांबल्या. ड्रायव्हरनं गाडी हळू केली, आणखी हळू केली, आणि हात वर नेऊन दिवा लावला.

ह्यांनी दिव्याकडे बघून डोळे मिचकावले, हातानं तोंड पुसलं आणि वाक्य पहिल्यापासून सुरू केलं.